लोणारची फाईल

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो एका गुणाचा प्रश्न असतो. पण हे एका ओळीचे उत्तर ठरायला दीडशे वर्षे लागली. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या खळग्याची नोंद केली. १९७३ साली ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात लोणारवरचा निबंध छापून आला आणि प्रश्नाचा निकाल लागला. या दीडशे वर्षांत कोणी काय पाहिले, काय लिहिले, कोण कुठे अडले, याचे बरेचसे कागद आता घरबसल्या वाचता येतात. गेली काही वर्षे मी ते वाचतो आहे. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

मी काही भूगर्भशास्त्राचा माणूस नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत यूडीसी. विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच. पण कचेरीतल्या नोकरीने एक सवय लावली. आमच्याकडे जमिनीच्या तंट्यात कोणी एक-चौदाचा उतारा घेऊन आला की त्यावरच्या नावावर भागत नाही. हे नाव कधी चढले, कोणत्या हुकमाने चढले, त्याआधी कोणाचे होते, पोर्तुगीज काळातल्या वहीत काय आहे, असे मागे मागे जावे लागते. शेवटच्या कागदावर जे लिहिले आहे ते बहुतेक वेळा खरे असते, पण ते का खरे आहे हे पहिल्या कागदाशिवाय कळत नाही. लोणारच्या बाबतीत मी एवढेच केले. मूळ फाईल मागवली.

पूर्वी ही फाईल मागवणे माझ्यासारख्याला शक्य नव्हते. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज कागद रग्गड, पण एकोणिसाव्या शतकातला भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचा अहवाल पाहायचा तर पुण्या-मुंबईला, नाहीतर थेट कलकत्त्याला जावे लागले असते. तिथेही ‘तुम्ही कोण, कशासाठी हवे’ हा प्रश्न आलाच. आता ती जुनी पुस्तके पानापानाने छायाचित्रित होऊन संगणकावर आली आहेत. अशनींवरच्या नियतकालिकाचे जुने अंक ‘नासा’च्या साहाय्याने चालणाऱ्या संग्रहात मोफत आहेत. उपग्रहांनी काढलेली चित्रे आहेत, चंद्र-मंगळाचे नकाशे आहेत. कोणी ओळखपत्र मागत नाही. लागतो तो वेळ, इंग्रजी शब्दकोश आणि चिकाटी. हे तिन्ही कारकुनाकडे असतात.

तर फाईल उघडू या. लोणारची सर्वांत जुनी पाने अर्थातच वैज्ञानिक नाहीत. स्कंदपुराणात या तीर्थाचे माहात्म्य आहे. आपल्या मराठी गद्याचा जो आद्य ग्रंथ, त्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामातल्या लीळा आहेत. अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. मोठे पुण्यक्षेत्र म्हणून येते, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे सापडतो म्हणूनही येते. म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या महसुली नजरेला तीर्थ आणि खार दोन्ही दिसले. कारकून म्हणून मला त्या लेखकाचे कौतुक वाटते. देवळाची नोंद केली, पण उत्पन्नाचा कॉलम रिकामा ठेवला नाही.

स्थानिक कथा लवणासुराची. हा दैत्य जमिनीखालच्या गुहेत दडून बसे आणि बाहेर येऊन लोकांना छळी. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन गुहेवरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. तो खळगा म्हणजे त्याचे घर, आणि पाणी खारट ते त्याच्यामुळे. गावातले दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिर या कथेची साक्ष देत उभे आहे. या कथेवरून ‘आपल्या पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता’ असे सांगणारे लेख अधूनमधून फिरत असतात. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण पुढे विवराच्या वयाच्या हिशेबात येईलच. कथा करणाऱ्याने दोन गोष्टी नीट पाहिल्या होत्या एवढे मात्र खरे. खळगा साधा झिजून झालेला दिसत नाही, आणि पाण्यात खार आहे. निरीक्षण चोख आहे. स्पष्टीकरण त्या काळाचे आहे.

आता गोऱ्या साहेबांकडे येऊ. मद्रास फौजेतले शल्यवैद्य जॉन ग्रँट माल्कमसन यांनी दख्खनच्या काळ्या दगडाच्या मुलखावर जो मोठा निबंध लिहिला, तो १८४० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. त्यात लोणार आहे. पुढे १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा ‘मॅन्युअल ऑफ द जिऑलॉजी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ निघाला. भारताच्या भूगर्भाची ती पहिली संपूर्ण वहीच म्हणायची. त्यातही लोणार आहे. या मंडळींपुढे कोडे होते ते असे.

दख्खनचे पठार म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. घाट चढताना पायऱ्यांसारखे दिसतात ते हेच थर, आणि ‘ट्रॅप’ हे त्यांचे इंग्रजी नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले. या आडव्या, सपाट थरांच्या मधोमध अचानक सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ वर्तुळाकार खड्डा. काठापासून तळ्याच्या पाण्यापर्यंत खोली सुमारे दीडशे मीटर. काठ आजूबाजूच्या माळापेक्षा २०-३० मीटर उंच उचललेला, आणि तिथले थर बाहेरच्या बाजूला कललेले. नदीने असा खड्डा कोरला जात नाही, पाणी खड्डा करील तर वाहून जायला वाट ठेवील. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की हा जमिनीच्या पोटातून झालेला स्फोट. पण स्फोट ज्वालामुखीचा म्हणावा तर भोवती नवी राख नाही, नवा लाव्हा नाही. सगळा दगड त्याच जुन्या थरांचा. मग वाफेचा स्फोट असेल, लाव्हा वर न येताच दम संपला असेल, अशी जुळवाजुळव होत राहिली. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भूविज्ञान सर्वेक्षणासाठी लोणारच्या भूगर्भावर आणि क्षारांवर सविस्तर लिहिले. त्यांचीही नजर कारण शोधायला जमिनीच्या खालीच गेली.

त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या काळी आकाशातून दगड पडतात हे विज्ञानाने मान्य केले होते, पण दगड पडून दोन किलोमीटरचा खड्डा होतो हे कोणी सिद्ध केले नव्हते. जी गोष्ट यादीतच नाही तिच्यावर कोण खूण करणार?

इथे फाईलमध्ये एक अमेरिकन कागद लागतो, आणि माझ्या मते हा या साऱ्या कथेतला सर्वांत वाचनीय कागद आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेच्या भूविज्ञान सर्वेक्षणाचा मोठा अधिकारी. ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचा एक खड्डा आहे आणि त्याच्या भोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले सापडतात. हा खड्डा अशनीने केला असेल का, हा प्रश्न घेऊन गिल्बर्ट १८९१ साली तिथे गेला. त्याची विचार करण्याची रीत पाहा. अशनी आत गाडला गेला असेल, तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक, एवढे लोखंड खाली असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे. दोन, काठावर उडून पडलेली माती परत खड्ड्यात भरली तर ती उरली पाहिजे, कारण खाली काही जागा अशनीने अडवली आहे. त्याने सुई पाहिली, ती हलली नाही. मातीचा हिशेब केला, काठ आणि खड्डा यांचे माप जवळजवळ सारखे निघाले. दोन्ही परीक्षांत अशनी नापास. गिल्बर्टने प्रामाणिकपणे वाफेच्या स्फोटाच्या बाजूने मत दिले. १८९६ साली ‘गृहीतके कशी जन्मतात’ या विषयावर त्याने जो निबंध छापला, त्यात ही सगळी हकीकत आहे, आणि त्यातच ॲरिझोनाच्या खड्ड्याशी मिळताजुळता म्हणून आपल्या लोणारचा उल्लेख आहे.

म्हणजे वऱ्हाडातले एक तीर्थ आणि ॲरिझोनाचे वाळवंट, दोन्ही एका जातीचे आहेत हे एका अमेरिकन माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. जात बरोबर ओळखली, कूळ मात्र चुकले. आणि गंमत अशी की याच गिल्बर्टने काही वर्षे आधी चंद्रावरची विवरे आघातानेच झाली असावीत असे जोरात मांडले होते. चंद्राबद्दल जे बरोबर सांगितले ते पायाखालच्या खड्ड्याबद्दल त्याला सांगता आले नाही.

चूक कुठे झाली? अशनी आत जसाच्या तसा पुरला जातो, या गृहीतात. तोफेचा गोळा भिंतीत रुतावा तसे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होते. प्रत्यक्षात मोठा अशनी सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या वेगाने येतो. त्या वेगात त्याच्यापाशी एवढी ऊर्जा असते की जमिनीला टेकताच तो स्वतः बहुतांशी वितळतो आणि वाफ होऊन जातो. गोळा रुतत नाही, बॉम्ब फुटतो. आत शोधायला काही उरतच नाही. हे न समजल्यामुळे डॅनियल बॅरिंजर नावाच्या माणसाने केवढी किंमत मोजली! खड्डा अशनीचाच आहे हे त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून खाली लोखंडाची प्रचंड रास असणार अशी त्याची खात्री झाली. १९०३ साली त्याने कंपनी काढली आणि पंचवीसहून अधिक वर्षे पैसा ओतून खोदत राहिला. १९२९ साली मोल्टन या ज्योतिर्विदाने गणित करून दाखवले की अशनी अपेक्षेपेक्षा फार लहान असणार. त्याच साली बॅरिंजर वारला. एकाचा तर्क काटेकोर आणि उत्तर चूक, दुसऱ्याचे उत्तर बरोबर आणि हिशेब चूक. आमच्या कचेरीत दोन्ही तऱ्हेच्या फायली रोज येतात.

निकाल लागला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९६० साली यूजीन शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ॲरिझोनाच्या खड्ड्यात कोएसाइट नावाचे खनिज सापडले. साध्या गारगोटीवर अतिप्रचंड दाब आला की ती या रूपात बदलते. प्रयोगशाळेत १९५३ साली ते तयार झाले होते, निसर्गात मात्र तोवर दिसले नव्हते. पृष्ठभागाजवळच्या साध्या वाळूच्या दगडात एवढा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. म्हणजे साक्षीदार मिळाला. अशनी नाहीसा झाला तरी त्याने दगडाला दिलेला तडाखा दगडाने लिहून ठेवला होता.

मग लोणारलाही कोएसाइट शोधायचे ना? इथेच अडचण होती. आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात गारगोटी जवळजवळ नसतेच. साक्षीदार वेगळा शोधायला हवा होता. १९६४ साली लाफॉन्ड आणि डीट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी अशनींच्या नियतकालिकात लोणारवर एक टिपण लिहिले. त्याच्या शीर्षकातच ‘अशनी-विवर?’ असे प्रश्नचिन्ह होते. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडले. टिपणावर शेरा मारावा, पण पुरावा येईपर्यंत सही राखून ठेवावी, तसे.

पुढच्या दहा वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला. १९६९ ते १९७२ मध्ये अपोलोच्या यानांनी जे दगड आणले त्यांत मोठा वाटा बेसॉल्टचा होता. आता शास्त्रज्ञांना पृथ्वीवर असे विवर हवे होते जे बेसॉल्टमध्ये झाले आहे, म्हणजे तुलना करता येईल. पृथ्वीवरची बहुतेक आघात-विवरे दुसऱ्या जातीच्या दगडांत आहेत. लोणारचे महत्त्व एकाएकी वाढले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन, अमेरिकन सर्वेक्षणाचे मिल्टन, आणि आपल्या भूविज्ञान सर्वेक्षणाचे दुबे व बालसुंदरम यांनी मिळून काम केले. सरोवराच्या तळातला गाळ भेदून खाली विंधणे झाली. खालून भरडलेला दगड वर आला. त्यात शंकूच्या आकाराच्या रेषा उमटलेले तुकडे होते, आणि मास्केलिनाइट होते. १९७३ च्या निबंधाने प्रश्नचिन्ह काढून टाकले.

मास्केलिनाइट म्हणजे काय, हे पाहायला गेलो आणि फाईलला एक नवीच पुरवणी जोडली गेली. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज भरपूर असते. त्यावर आघाताचा जबर दाब आला की त्याची आतली रचना मोडते आणि ते न वितळता काचेसारखे होते. तेच मास्केलिनाइट. ते पहिल्यांदा ओळखले गेले १८७२ साली, लोणारात नव्हे, तर बिहारात पडलेल्या एका दगडात. गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलोचा एक अशनी पडला. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ चेरमाकने त्यात हे काचेसारखे द्रव्य पाहिले आणि ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ मास्केलाइन यांचे नाव त्याला दिले. शेरघाटीसारखे आणखी दगड पुढे मिळत गेले, आणि इंग्रजी उच्चारावरून त्या साऱ्या जातीला ‘शेरगोटाइट’ म्हणू लागले.

हे दगड आले कुठून? त्यांचे वय अशनींच्या मानाने फारच कमी भरत होते. १९७६ साली व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि तिथल्या हवेचे पृथक्करण झाले. त्यानंतर १९७९-८० च्या हंगामात अंटार्क्टिकाच्या बर्फावर याच जातीचा एक दगड सापडला. त्याच्या काचेत कोंडलेला वायू १९८३ साली मोजला गेला, तर तो मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीच्या शेतात पडलेला तो दगड मंगळाचा तुकडा होता. मंगळावर कुठला तरी आघात झाला, त्यात हा उडाला, आणि अवकाशात भटकत शेवटी बिहारात येऊन पडला. लोणारच्या तळातला दगड आणि मंगळावरून आलेला दगड, दोघांच्या अंगावर एकाच प्रकारच्या माराचे वळ आहेत. मी हे रात्री साडेअकराला वाचले आणि एवढ्या रात्री कोणाला सांगावे ते कळेना.

आता वयाचा प्रश्न. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनात लोणारचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. आघाताने वितळलेल्या काचेतून तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून ते काढले होते. बरीच वर्षे सगळीकडे हाच आकडा छापला गेला, अजूनही अनेक फलकांवर आणि पुस्तकांत तो आहे. २०११ साली दुसऱ्या गटाने आर्गॉन वायूच्या पद्धतीने मोजले तर ५ लाख ७० हजार वर्षे आली, ४७ हजार वर्षे इकडेतिकडे धरून. दोन आकड्यांत जवळजवळ अकरा पटींचा फरक! आज अभ्यासकांचा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे. तो धरला तर आजच्या माणसाची जात त्या वेळी जन्मलेलीच नव्हती. पहिला धरला तरी ५० हजार वर्षे कोणाची आठवण तोंडोतोंडी टिकेल, असे मानणे कठीणच. लवणासुराच्या कथेत उल्कापाताची आठवण शोधू नये असे मी म्हणालो ते यासाठी. कथेचे मोल त्याने कमी होत नाही.

फाईल वाचून झाल्यावर एका निराळ्याच वहीकडे वळलो. ग्रह-उपग्रहांवरच्या डोंगर-विवरांना नावे देण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा, आणि त्या सगळ्या नावांचे रजिस्टर अमेरिकेचे भूविज्ञान सर्वेक्षण ठेवते. कोणालाही ते पाहता येते. नाव, स्थान, व्यास, नाव का दिले, असे सगळे रकाने. नियम ठरलेले. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावे. त्या नियमाने मंगळाच्या उत्तर भागात एक ‘लोणार’ आहे. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे. तिथे ‘जोशी’ नावाचे सुमारे ३४ किलोमीटरचे विवर आहे. ही आनंदीबाई जोशी. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन परतलेली आणि १८८७ साली बाविसाव्या वर्षाच्या आतच गेलेली आपली आनंदीबाई. तिचा जन्म १८६५ चा, शेरघाटीला मंगळाचा दगड पडला त्याच सालचा. त्याच शुक्रावर ‘मेधावी’ नावाचे विवर आहे, ते पंडिता रमाबाईंचे. आनंदीबाईच्या पदवीदानाला रमाबाई फिलाडेल्फियाला हजर होत्या. त्या दोघी आता एकाच ग्रहावर आहेत. १९९० नंतर मॅगेलन यानाने रडारने शुक्राचे जे चित्रण केले त्यात त्यांची विवरे तुम्हाला पाहता येतील. आपल्याकडे या दोघींच्या नावाचा रस्ता शोधायला वेळ लागतो.

वाचकहो, हे सारे तुम्हीही पाहू शकता, म्हणून थोडे व्यवहाराचे. १९ अंश ५८ कला उत्तर, ७६ अंश ३० कला पूर्व, ही लोणारची जागा. ‘गूगल अर्थ’वर पाहा किंवा आपल्या इस्रोच्या ‘भुवन’वर. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला, आणि त्या सगळ्या उपग्रहांची चित्रे २००८ पासून सर्वांना मोफत आहेत. त्यांच्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा. म्हणजे लोणार साठेक ठिपक्यांचे. तेवढ्यातही गोल नीट दिसतो. एकाच ठिकाणची वेगवेगळ्या सालांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली की खरी मजा येते.

मजा म्हणतो, पण गोव्याच्या माणसाने डिचोली-सत्तरीचा भाग असा पाहिला तर मजा फार वेळ टिकणार नाही. हिरव्या डोंगरात एक तांबडा ठिपका उमटतो, पुढच्या काही सालांत तो पसरतो, शेजारी दुसरा येतो, मधला डोंगर जातो. २०१२ साली खाणी बंद झाल्या तोवरची सगळी हकीकत चित्रात आहे. कागदावरच्या हद्दी आणि जमिनीवरच्या हद्दी यांतला फरक ज्याचे पोट ज्या खात्यावर चालते त्याला वेगळा सांगावा लागत नाही. वही फाटते, कसर लागते, पान गहाळ होते. वरून काढलेले ते चित्र मात्र कुठल्या तालुक्याच्या कचेरीत ठेवलेले नाही. माझ्या लेखी भूविज्ञान सर्वांना खुले होण्याचा हा सर्वांत मोठा अर्थ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. जिथे मूळ कागद मिळतात तिथेच बाजारगप्पाही मिळतात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा दोन दिवसांत काय काय वाचायला मिळाले! कोपापासून परग्रहापर्यंत सगळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघाले ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. पाणी आटले, खारटपणा वाढला, आणि गुलाबी रंगद्रव्य असणारे ते जीव माजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला तरी काठावरच्या गावाचे सांडपाणी, उतारावरची वाढती झुडपे आणि पाण्याच्या पातळीची चढउतार हे प्रश्न आहेतच. पाच लाख वर्षे टिकलेली गोष्ट आपल्या एका पिढीत बिघडू शकते.

आणि शेवटी भाषेचे. वर सांगितलेल्या कागदांपैकी लीळाचरित्र सोडले तर मराठीत एकही नाही. लोणार मराठी मुलखात, विंधणे मराठी मुलखात झाली, पण फाईल सगळी इंग्रजीत. कोणी म्हणेल, शास्त्र इंग्रजीतच असायचे. पण गिल्बर्टची दोन परीक्षांची गोष्ट, बॅरिंजरचे खोदणे, शेरघाटीचा दगड, या गोष्टी सांगायला कुठली अवघड परिभाषा लागली? माझ्यासारख्या कला शाखेवाल्याला त्या कळल्या, तर डिचोलीच्या शाळेतल्या पोरालाही कळतील, कोणी त्याला त्याच्या भाषेत सांगितल्या तर. आता तो एका गुणाचे उत्तर पाठ करतो, आणि ‘कशावरून?’ हे विचारायचे राहून जाते.

लोणार आपल्यापासून दूर आहे. पण आपल्या अनमोड घाटातला दगड त्याच्याहून, किंबहुना साऱ्या दख्खनच्या कातळाहून कितीतरी म्हातारा आहे, तीनशे कोटी वर्षांपलीकडचा. बस त्याच्यावरून धूर सोडत वर चढते आणि आपण डुलकी काढत असतो. त्याचीही फाईल मागवली आहे. वाचून झाली की लिहीन.